चालू आहे, पण कनेक्शन मिळत नाही

मायएसक्यूएलसोबत ‘मायएसक्यूएलअ‍ॅडमिन’ नावाचं एक छोटं साधन येतं. त्याला ‘पिंग’ अशी कमांड दिली की ते सर्व्हरला हाक मारून बघतं आणि सर्व्हर जिवंत आहे की नाही ते सांगतं. कितीतरी ठिकाणी देखरेखीच्या नावाखाली हीच एक कमांड दर मिनिटाला चालत असते. तिला एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन बघा. पडद्यावर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असं येईल, पण कमांड संपताना जो आकडा मागे ठेवते तो शून्यच असेल, म्हणजे ‘ठीक आहे’. यात साधनाची काही चूक नाही. त्याच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं आहे: नकार आला, म्हणजे नकार द्यायला सर्व्हर जागा आहे. विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं.

पोस्टग्रेसचं ‘पीजी-इजरेडी’ २०१३ साली ९.३ या आवृत्तीबरोबर आलं. त्याला तर खरं युजरनेम किंवा पासवर्ड लागतच नाही. सर्व्हरमधल्या सगळ्या जागा भरल्या आहेत, येणाऱ्या प्रत्येकाला ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ म्हणून परत पाठवलं जातंय, तरीही ते ‘कनेक्शन घेतोय’ असंच म्हणतं. ऑरॅकलचं ‘टीएनएसपिंग’ फक्त लिसनरपर्यंत, म्हणजे दारावर कनेक्शन स्वीकारणाऱ्या प्रोसेसपर्यंत, जाऊन परत येतं. लिसनरच्या पाठीमागचा डेटाबेस बंद पडलेला असला तरी त्याला पत्ता नसतो. तीन वेगळ्या घराण्यांची तीन साधनं, आणि तिघांचं उत्तर एकाच अर्थानं अपुरं. सर्व्हर चालू असणं आणि ज्याला हवंय त्याला, तो जिथे आहे तिथून, हवं तेव्हा कनेक्शन मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिलीवर नजर ठेवतो आणि दुसरीबद्दल गाफील राहतो. ही पुस्तिका त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

डीबीए हा हुद्दा ज्यांना मिळाला आहे त्यांच्यासाठी ती आहेच. पण लिहिताना डोळ्यासमोर जास्त करून ते लोक होते ज्यांना हा हुद्दा कोणी दिलेला नाही, तरी डेटाबेस त्यांच्याच गळ्यात आहे. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बसवून देणारा आणि नंतर आयुष्यभर फोन घेत राहणारा मुलगा, कॉलेजच्या प्रवेशाचं पोर्टल सांभाळणाऱ्या बाई, हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात अमेरिकेच्या वेळेनं ऑन-कॉल बसणारी मंडळी. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि त्या वेळी वाजलेल्या फोनवर ‘डेटाबेस कनेक्शन फेल्ड’ एवढीच ओळ असेल तर झोपेतून उठलेल्या माणसानं नेमकं करायचं काय? काउंटरवरचा माणूस ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतो आणि रांग मुकाट्यानं बाकावर जाऊन बसते. त्याचं तेवढ्यावर भागतं. आपलं भागत नाही, कारण त्या एका ओळीखाली दहा वेगवेगळे आजार असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

कनेक्शन मिळेपर्यंत काय काय घडतं ते आधी पाहू. अ‍ॅप्लिकेशनकडे सर्व्हरचं नाव असतं, त्या नावाचा आयपी पत्ता डीएनएसकडून यावा लागतो. मग त्या पत्त्यावरच्या ठरलेल्या पोर्टवर टीसीपीची तीन टप्प्यांची देवाणघेवाण होते. मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, ऑरॅकलचा १५२१, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३. टीएलएस असेल तर प्रमाणपत्र तपासलं जातं. त्यानंतर युजर कोण, पासवर्ड बरोबर का, या पत्त्यावरून यायला त्याला मुभा आहे का. हे सगळं जमलं तरी सर्व्हरकडे जागा शिल्लक हवी. आणि जागा मिळाल्यावर पहिल्या क्वेरीला उत्तर यायला हवं. यातल्या कुठल्याही पायरीवर घसरलं तरी वरच्या अ‍ॅप्लिकेशनला एकच दिसतं: कनेक्शन नाही.

यातली टीसीपीची पायरी जरा थांबून बघण्यासारखी आहे, कारण तिथे दोन अगदी वेगळ्या घटना एकसारख्या वाटतात. पहिली ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. मशीन चालू आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमनं लगेच नकार पाठवला. हे उत्तर मिलिसेकंदांत येतं, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की मशीनपर्यंतचा रस्ता ठीक आहे, डेटाबेसची प्रोसेस पडली आहे किंवा भलत्याच पत्त्यावर ऐकते आहे. दुसरी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. इथे उत्तरच येत नाही. वाटेतल्या फायरवॉलनं पॅकेट गुपचूप टाकून दिलं असेल किंवा समोरची अख्खी मशीनच गेली असेल. लिनक्सची जुनी रीत अशी की पहिली हाक वाया गेली तर आणखी सहा वेळा मारायची, दर वेळी आधीच्या दुप्पट थांबून. एक, दोन, चार, आठ करत शेवटी ६४ सेकंद, मिळून १२७ सेकंद. दोन मिनिटांहून जास्त वेळ प्रोग्रॅम नुसता उभा. वेबसर्व्हरकडे पन्नास वर्कर असतील तर पन्नास विनंत्यांत ते सगळे असेच उभे राहतात, आणि ज्या पानाला डेटाबेसची गरजही नाही तेसुद्धा उघडेनासं होतं. पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीत कनेक्ट टाइमआउट दिलाच नाही तर ती आपणहून कधीच थांबत नाही. हा आकडा आपण हातानं घालायचा असतो, आणि देखरेखीच्या स्क्रिप्टमध्येही घालायचा असतो. नाहीतर तपासणारी स्क्रिप्टच अडकून बसते आणि अलर्ट पाठवायला कोणी उरत नाही.

तेव्हा तपासणीनं ‘मिळालं की नाही’ एवढंच नोंदवून भागत नाही. किती वेळात मिळालं आणि नाही मिळालं तर किती वेळात नकार आला, हेही लिहून ठेवायला हवं. तीन मिलिसेकंदांत आलेला नकार आणि दहा सेकंदांनी आलेली शांतता, या दोन वेगवेगळ्या माणसांना फोन करायच्या गोष्टी आहेत. पहिलीत डेटाबेसवाल्याला उठवा, दुसरीत नेटवर्कवाल्याला.

तपासणी कुठून करायची हा प्रश्न याच्याच पाठोपाठ येतो, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त हेळसांड इथेच होते. सोय म्हणून स्क्रिप्ट डेटाबेसच्याच मशीनवर ठेवली जाते. तिथून ‘लोकलहोस्ट’ला कनेक्शन मागितलं की युनिक्स-लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट टीसीपीच्या वाटेला जातच नाही, मशीनवरच्या सॉकेट फाइलमधून आत शिरतो. म्हणजे नेटवर्क, फायरवॉल, डीएनएस, पोर्ट यातलं काहीच तपासलं जात नाही. स्विच जळाला तरी डॅशबोर्ड हिरवाच. तपासणी अ‍ॅप्लिकेशनच्या मशीनवरून, अ‍ॅप्लिकेशन वापरतं तेच नाव घेऊन, त्याच पोर्टवर, मध्ये पूलर (थोडी कनेक्शन्स अनेकांना वाटून देणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याच्यातूनच व्हायला हवी. आणखी एक तपासणी थेट डेटाबेसवर ठेवावी, म्हणजे पूलर बिघडला की डेटाबेस ते दोन्हींची तुलना करून कळतं. मशीनवरची लोकल तपासणी काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. ती एकटी पुरत नाही, इतकंच.

युजरचंही तसंच. देखरेखीसाठी वेगळा, कमी अधिकारांचा युजर असावा हे बरोबरच आहे. पण अ‍ॅप्लिकेशनच्या युजरचा पासवर्ड संपला तर देखरेखीच्या युजरला ते कसं कळणार? ऑरॅकलमध्ये ११जी या आवृत्तीपासून डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये पासवर्डचं आयुष्य १८० दिवस ठरवलेलं आहे. सिस्टिम बसवताना कोणी तिकडे पाहिलं नाही तर सहा महिन्यांनी एके दिवशी अ‍ॅप्लिकेशनचं लॉगिन बंद होतं. गंमत अशी, की ते त्या दिवशी बंद पडलेलं कोणाला दिसत नाही. अ‍ॅप्लिकेशननं पूलमध्ये, म्हणजे स्वतःच्या साठ्यात, आधीपासून उघडून ठेवलेली कनेक्शन्स बिनबोभाट चालत राहतात, कारण पासवर्ड फक्त आत शिरताना विचारला जातो. मग कधीतरी आठवड्याभरानं कोणी पॅच घालून अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू करतं आणि एकही कनेक्शन मिळत नाही. सगळे त्या पॅचच्या मागे लागतात. पासवर्ड बदलला आणि एका कॉन्फिग फाइलमध्ये जुनाच राहिला, टीएलएसचं प्रमाणपत्र संपलं, कोणाला कुठून प्रवेश ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या एचबीए फाइलमधली ओळ कोणी पुसली, या सगळ्यांचा घाट हाच. जुनी कनेक्शन्स नवा बिघाड झाकून ठेवतात. म्हणून देखरेखीनं दर वेळी नवं कनेक्शन उघडायचं, एक साधी क्वेरी चालवायची आणि बंद करायचं. एकच कनेक्शन उघडं ठेवून त्यावर दर मिनिटाला ‘सिलेक्ट वन’ मारत बसणारी तपासणी कनेक्शनची तपासणीच नव्हे.

आता जागांबद्दल. पुस्तिकेचा सर्वांत मोठा भाग यावर खर्च झाला आहे. पोस्टग्रेसमध्ये काही न बदलता एका वेळी १०० कनेक्शन्स चालतात, आणि त्यातल्या तीन सुपरयुजरसाठी राखीव असतात. मायएसक्यूएलमध्ये हा आकडा १५१ आहे, शिवाय प्रशासकासाठी एक जास्तीची. आकडे लहान वाटतात, पण त्यांना कारण आहे. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस उभी करतं. मायएसक्यूएलमध्ये थ्रेड असतो, तो तुलनेनं हलका, तरी फुकट नाही. मेमरी लागतेच.

पोस्टग्रेसची ही शंभर कनेक्शन्स कशी संपतात त्याचा हिशोब कागदावर मांडला तर सोपा आहे, आणि तो मांडलेला फार कमी ठिकाणी दिसतो. जावाच्या जगात ‘हिकारीसीपी’ हा पूल बराच वापरला जातो. तो काही न सांगता प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनमागे दहा कनेक्शन्स उघडतो. आठ सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशन चालू असेल तर झाली ऐंशी. रिपोर्टचं वेगळं मॉड्यूल, रात्रीचे जॉब, कोणाच्या तरी लॅपटॉपवर उघडा राहिलेला पीजीअ‍ॅडमिन, ही आणखी दहा धरा. नव्वद. राखीव तीन सोडून अजून सात शिल्लक आहेत, छान चाललंय. मग नवी आवृत्ती चढवायची वेळ येते. आजकालच्या पद्धतीप्रमाणे जुना सर्व्हर बंद करण्याआधी नवा उभा केला जातो, म्हणजे काही मिनिटं दोघेही जिवंत. नव्वदची शंभरी होते आणि शेवटच्या सर्व्हरला कनेक्शन मिळत नाही. हिकारी तीस सेकंद वाट पाहून हात वर करतो. लॉगमध्ये ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल’ असं उमटतं, आणि कोणीतरी म्हणतं की नव्या आवृत्तीत बग आहे. बग आवृत्तीत नव्हता, गुणाकारात होता.

यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे मर्यादा वाढवणे. शंभरची पाचशे करा, पाचशेची दोन हजार. गिटलॅब या कंपनीनं तिच्या डेटाबेसवर ती ८००० ठेवली होती आणि जवळजवळ वर्षभर काही झालं नाही. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री, दुसऱ्याच एका सेटिंगसाठी पोस्टग्रेस पुन्हा सुरू करायला गेले तेव्हा ते सेमाफोर जास्त होतात म्हणून उठेचना. मर्यादा २००० वर आणली तेव्हा उठलं. त्या रात्रीची गोष्ट पुढे बरीच वाढली. थकलेल्या इंजिनिअरनं चुकीच्या मशीनवर डेटा डिरेक्टरी पुसली, सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. त्याकडे आपण नंतर वळू. इथे मुद्दा एवढाच की मर्यादेचा आकडा वाढवला म्हणजे जागा वाढल्या असं नाही, तो आकडा खरोखर पेलतो का ते कधीतरी तपासावं लागतं. मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर घालणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग. तो स्काइपच्या लोकांनी त्यांच्या गरजेसाठी २००७ च्या सुमारास तयार केला. हजारो ग्राहकांना तो मोजक्याच खऱ्या कनेक्शन्सवर भागवतो. मात्र त्याच्यावरही नजर हवी, कारण तो डेटाबेससमोरची गर्दी कमी करत नाही, स्वतःच्या दारात उभी करतो. किती जण त्याच्याकडे ताटकळत आहेत आणि सर्वांत जुना किती वेळ, हे दोन आकडे तो विचारल्यावर सांगतो. डॅशबोर्डवर ते नसतील तर पूलर बसवून आपण फक्त दुखणं एक खोली पलीकडे सरकवलं.

भरलेल्या सगळ्या जागा कामातच असतात असंही नाही. एसटी स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि चहा प्यायला जातात. गाडी भरलेली, उभ्यानं गर्दी, आणि बाकांवर नुसते रुमाल. पोस्टग्रेसच्या ‘पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी’ या व्ह्यूमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असा शेरा असलेल्या ओळी दिसल्या की समजा हे रुमाल आहेत. कोडनं ट्रान्झॅक्शन उघडलं, मग बाहेरच्या पेमेंट गेटवेला किंवा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेला हाक मारली आणि तिच्या उत्तराची वाट पाहत बसलं. तेवढा वेळ कनेक्शन अडलं, सोबत लॉकही अडले. कधी एखाद्या चुकीच्या वाटेनं बाहेर पडताना प्रोग्रॅम कनेक्शन परत द्यायचं विसरतो, मग तो रुमाल कायमचाच. ९.६ पासून पोस्टग्रेसमध्ये अशा सेशनला ठरावीक वेळेनंतर उठवून लावायची सोय आहे. ती जरूर वापरा, पण त्याआधी ते कोण आहेत ते बघा. त्या व्ह्यूमध्ये प्रत्येक ओळीला अ‍ॅप्लिकेशनचं नाव, युजर, कुठून आला तो पत्ता आणि शेवटची क्वेरी असते. अ‍ॅप्लिकेशनचं नाव कनेक्शन घेतानाच द्यायची सवय लावून घेतली तर भांडण पाच मिनिटांत मिटतं. नाहीतर ‘ती ऐंशी कनेक्शन्स आमची नव्हेत’ असं प्रत्येक टीम शपथेवर सांगते.

याच्या उलटा प्रकार म्हणजे कोणी वापरत नाही म्हणून मेलेलं कनेक्शन. मायएसक्यूएल गप्प बसलेल्या कनेक्शनला २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, तोडून टाकतं. ऑफिस संध्याकाळी सातला बंद, सकाळी दहाला सुरू. रात्री कोणी फिरकलं नाही तर पूलमधली सगळी कनेक्शन्स पहाटेपर्यंत मेलेली असतात आणि पूलला त्याची खबर नसते. सकाळी पहिला येणारा कारकून लॉगिन करतो आणि त्याला ‘मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे’ दिसतं. पुन्हा बटण दाबलं की चालतं. ‘सकाळी एकदा रिफ्रेश मारावं लागतं’ ही त्या ऑफिसची रीतच होऊन बसते. तक्रार कोणी करत नाही, म्हणून नोंदही होत नाही. क्लाउडवर हे आणखी लवकर घडतं. एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे ३५० सेकंद हालचाल नसलेलं कनेक्शन विसरून जातो, आणि लिनक्सची टीसीपी कीपअलाइव्ह पहिली चौकशी करते ती ७,२०० सेकंदांनी, दोन तासांनी. मधल्या काळात दोन्ही टोकांना वाटत असतं की आपण जोडलेले आहोत. हा बिघाड वेळेच्या आकड्यांच्या भांडणातून येतो, आणि कुठल्याही एका मशीनचा लॉग वाचून सापडत नाही.

देखरेख स्वतःच कधी बिघाड करते, तेही सांगायला हवं. मायएसक्यूएल प्रत्येक पत्त्यावरून येणाऱ्या अर्धवट कनेक्शन्स मोजतं. मधे एकही यशस्वी न होता अशी शंभर झाली की तो पत्ता बंद करतं आणि ११२९ क्रमांकाची चूक देऊ लागतं. आता एखादा लोड बॅलन्सर दर दोन सेकंदांनी ३३०६ वर नुसतं टीसीपी उघडतो, पोर्ट जागा आहे हे पाहून समाधानानं लगेच बंद करतो. मायएसक्यूएलच्या नजरेत ही प्रत्येक खेप म्हणजे कोणीतरी आला आणि नाव न सांगता पळाला. तीन-साडेतीन मिनिटांत शंभर भरतात, पत्ता अडवला जातो, आणि त्याच लोड बॅलन्सरमधून येणारी खरी मंडळीही बाहेर राहतात. ‘फ्लश होस्ट्स’ केलं की सुटतं आणि थोड्या वेळानं पुन्हा अडतं. उपाय सोपा: नुसता पोर्ट ठोठावू नका, रीतसर लॉगिन करणारी तपासणी लावा.

आकडे वाचायचे तर कुठले? मायएसक्यूएलमध्ये ‘अबॉर्टेड कनेक्ट्स’ आणि ‘अबॉर्टेड क्लायंट्स’ असे दोन काउंटर आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. पहिला आत येताना अडखळलेल्यांचा, दुसरा आत आल्यावर निरोप न घेता निघून गेलेल्यांचा. पहिला वाढला तर पासवर्ड, परवाने, नेटवर्क बघा. दुसरा वाढला तर अ‍ॅप्लिकेशनचं कोड आणि टाइमआउट. जागा संपल्यामुळे परत गेलेल्यांचा काउंटर ५.६ पासून वेगळा मिळतो. हे सगळे आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनची बेरीज असतात, म्हणून ‘४०,०००’ वाचून घाबरायचं कारण नाही. गेल्या पाच मिनिटांत किती वाढले ते बघायचं. पोस्टग्रेसनं या बाबतीत बरीच वर्षं हात आखडता ठेवला. २०२१ साली आलेल्या १४ व्या आवृत्तीत, अचानक तुटलेल्या आणि मारलेल्या सेशनचे काउंटर आले. दारातूनच परत गेलेल्यांसाठी मात्र लॉगच वाचावा लागतो.

देखरेखीची साधनं कोणती, यावर आम्ही फार शाई खर्च केलेली नाही. इथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट या नावानं सुरू केलेलं आणि पुढे नॅगिऑस झालेलं, लॅटव्हियातून आलेलं झॅबिक्स, साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली जन्मलेलं प्रोमिथियस, यांपैकी जे तुमच्याकडे आहे ते चालेल. प्रोमिथियसवाल्यांसाठी एकच सूचना. तिथे ‘अप’ नावाचं मोजमाप आपोआप येतं, आणि ते डेटाबेसचे आकडे प्रोमिथियसला पुरवणारा एक्स्पोर्टर उत्तर देतोय एवढंच सांगतं. डेटाबेस मेला तरी एक्स्पोर्टर जिवंत राहून ‘अप’ एकवरच ठेवतो. अलर्ट ‘मायएसक्यूएल-अप’ किंवा ‘पीजी-अप’वर लावायचा असतो. आणि एक्स्पोर्टरलाही कनेक्शन लागतं. जागा संपल्या की ज्या क्षणी माहिती हवी त्याच क्षणी तो आंधळा होतो. पोस्टग्रेसच्या १६ व्या आवृत्तीत सुपरयुजर नसलेल्या ठरावीक युजरसाठीही जागा राखता येतात, मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून प्रशासनासाठी वेगळा पत्ता आणि पोर्ट देता येतो. जुन्या आवृत्तीत निदान एवढं पाळा: अ‍ॅप्लिकेशनला सुपरयुजर म्हणून चालवू नका. नाहीतर त्या राखीव तीन जागाही तेच खातं आणि तुम्हाला आत जायला वाट उरत नाही.

आता अलर्टबद्दल. एका चुकलेल्या तपासणीवर माणूस उठवायचा नाही, हे नॅगिऑसनं फार आधी शिकवलं. तिथे पहिली चूक ‘सॉफ्ट’ मानली जाते, ठरलेल्या वेळा परत तपासून मगच ‘हार्ड’. माणसाच्या झोपेचा प्रश्न असतो तेव्हा हे पटतं. माणसाच्या जागी यंत्र निर्णय घेतं तेव्हा मात्र हीच सावधगिरी आपण विसरतो. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबमध्ये एक बिघडलेलं ऑप्टिकल उपकरण बदलत असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं मुख्य डेटा सेंटर नेटवर्कपासून तुटलं. भारतात तेव्हा २२ तारखेची पहाट होती, ४ वाजून २२ मिनिटं. जोडणी ४३ सेकंदांत परत आली. पण तेवढ्या अवधीत मायएसक्यूएलचे प्रायमरी सांभाळणाऱ्या ऑर्केस्ट्रेटर या प्रणालीनं पूर्वेकडचे सर्व्हर गेले असं धरून पश्चिम किनाऱ्यावरचे प्रायमरी केले. पूर्वेला काही सेकंदांच्या नोंदी अशा झाल्या होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना एकमेकांकडे नसलेलं लिखाण. ते निस्तरून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. यंत्रणेनं नेमून दिलेलं कामच केलं होतं. कनेक्शन तुटलं हे तिनं अचूक ओळखलं. त्याचा अर्थ काय लावायचा, हे तिला ज्यांनी सांगितलं त्यांनी ४३ सेकंदांच्या तुटण्याचा विचार केला नव्हता. फेलओव्हर आपोआप असावं की माणसाच्या हातून, यावर पुस्तिकेत दोन्ही बाजू दिल्या आहेत. आमचा कल विचाराल तर: दोन शहरांमधलं फेलओव्हर असेल तर माणसाला विचारा.

आणि आता गिटलॅबच्या त्या रात्रीकडे. डेटा पुसला गेल्यावर बॅकअप शोधले, तेव्हा रोजचे पीजी-डंप बॅकअप कधीचे होतच नसल्याचं कळलं. डेटाबेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो दर वेळी चूक देऊन थांबत होता. त्याच्या तक्रारीच्या मेल निघत होत्या, पण मेल खरा कोणाचा ते तपासणाऱ्या डीमार्कच्या नियमांत न बसल्यामुळे पलीकडचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. बिघाड ओळखला गेला होता, लिहिला गेला होता, पाठवलाही गेला होता. पोचला नव्हता. सुमारे सहा तासांतलं काम गेलं. म्हणून प्रत्येक देखरेखीत एक अलर्ट असा ठेवा जो कायम वाजत असतो, आणि तो थांबला की दुसरीच एखादी यंत्रणा ओरडते. प्रोमिथियसवाले त्याला ‘वॉचडॉग’ म्हणतात.

काय टाळलं आहे तेही सांगतो. क्वेरी मंद का होतात, रेप्लिकेशन मागे का पडतं, बॅकअप कसे घ्यावेत, हे विषय या पानांत ओझरते येतात, कारण त्या प्रत्येकाला स्वतंत्र पुस्तक लागेल. मंद क्वेरीचा मात्र पुन्हा पुन्हा उल्लेख आढळेल. जी क्वेरी वीस मिलिसेकंदांची दोन सेकंदांवर जाते ती तिचं कनेक्शन शंभर पट वेळ अडवते, आणि जागा संपल्याचा अलर्ट येतो तेव्हा खरा दोषी बहुधा एखादा गळालेला इंडेक्स असतो. एसी डब्यांचं तत्काळचं तिकीट सकाळी दहाला सुटतं, दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो. अशा घड्याळानं ठरलेल्या गर्दीसाठी जागांचा आगाऊ हिशोब कसा करायचा, यावर एक प्रकरण आहे, आणि बंद पडलेला सर्व्हर उठताच सगळे ग्राहक एकदम तुटून पडू नयेत म्हणून पुन्हा प्रयत्न करण्यात थोडा अनियमितपणा कसा ठेवायचा, यावर अर्धं.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एका चाचणीच्या मशीनवर एवढं करा. डेटाबेस बंद करा. मग तो चालू ठेवून फायरवॉलनं पोर्टवरची पॅकेट गुपचूप टाकून द्या. मग अ‍ॅप्लिकेशनच्या युजरचा पासवर्ड बदला. मग मर्यादा दहावर आणून दहा कनेक्शन्स उघडी धरा. चारही वेळा घड्याळ लावून बघा: अलर्ट आला का, किती वेळानं आला, आणि चौघांचा मजकूर वेगळा होता का. जिथे एकच मजकूर चारदा आला असेल, किंवा आलाच नसेल, ते प्रकरण आधी वाचा. क्रमानं वाचायलाच हवं असं काही नाही.